बहुसिम भ्रमणध्वनी

बहुसिम भ्रमणध्वनी म्हणजे एकाहून अधिक सिम कार्डे किंवा ई-सिम सामावून घेणारा भ्रमणध्वनी संच होय. दोन सिमचा संच हा त्याचा सर्वाधिक प्रचलित प्रकार असून बोलीभाषेत त्याला ‘डबल सिम’ किंवा ‘ड्युअल सिम’ फोन म्हणतात. अशा संचात प्रत्येक सिमचा क्रमांक, सेवादाता आणि दरयोजना स्वतंत्र असते; बॅटरी, पडदा आणि बहुतांश संचांत रेडिओ यंत्रणा मात्र एकच असते. एकच रेडिओ यंत्रणा दोन स्वतंत्र नेटवर्कांना कशी वाटून द्यायची आणि त्यात नेटवर्कची साधने वाया कशी जाऊ द्यायची नाहीत, हा या तंत्रज्ञानातील मुख्य प्रश्न आहे.

भारतात दुहेरी सिम संचांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. स्वस्त दर, कामाचा व घरचा क्रमांक वेगळा ठेवण्याची सोय आणि एका सेवादात्याची ‘रेंज’ नसेल तेथे दुसऱ्याचा आधार ही त्याची प्रमुख कारणे आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनारपट्टीसारख्या डोंगर, खाड्या आणि समुद्र यांनी विभागलेल्या प्रदेशात तिसरे कारण विशेष महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

सिम कार्ड ही ग्राहकाची ओळख साठवणारी चिप आहे. पहिली सिम कार्डे १९९१ मध्ये म्युनिक येथील गीझेके अँड डेव्हरियंट या कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिंजा या सेवादात्यासाठी तयार केली. सिममध्ये ‘आयएमएसआय’ नावाचा, जास्तीत जास्त १५ अंकी, आंतरराष्ट्रीय ग्राहक ओळख क्रमांक आणि प्रमाणीकरणासाठी लागणारी गुप्त किल्ली असते. लोक परस्परांना देतात तो दहा अंकी दूरध्वनी क्रमांक सेवादात्याकडील नोंदीत या ओळख क्रमांकाशी जोडलेला असतो. ओळख सिममध्ये असल्यामुळे संच बदलला तरी ग्राहकाचा क्रमांक कायम राहतो.

संचाची ओळख यापेक्षा वेगळी असते. तिला ‘आयएमईआय’ म्हणतात आणि ती १५ अंकी असते. बहुसिम संचात प्रत्येक सिमसाठी स्वतंत्र आयएमईआय असतो. त्यामुळे नेटवर्कच्या दृष्टीने दोन सिमचा एक फोन म्हणजे दोन वेगळे फोन असतात. ते एकाच खिशात असून एकच अँटेना वापरत आहेत, याची कल्पना पारंपरिक नेटवर्कला नसते. पुढे वर्णिलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ यातच आहे.

सिमचा आकार काळानुसार लहान होत गेला. बँकेच्या कार्डाएवढ्या मूळ सिमनंतर मिनी (२५ × १५ मिमी), मायक्रो (१५ × १२ मिमी) आणि २०१२ पासून नॅनो (१२.३ × ८.८ मिमी) सिम प्रचारात आले. ई-सिममध्ये काढता-घालता येणारे कार्ड नसते. संचातच बसवलेल्या चिपवर सेवादात्याची ओळख दूरस्थ पद्धतीने उतरवली जाते.

इतिहास

फिनलंडच्या बेनेफॉन कंपनीचा २००० मधील ‘ट्विन’ हा सुरुवातीच्या दुहेरी सिम संचांपैकी एक होता. त्या काळी दोन क्रमांक वापरणारे अनेक ग्राहक सिम कापून बसवायचे जोडपट्ट्यांसारखे उपाय करीत. त्यात एका वेळी एकच सिम चालू राही. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात तैवानच्या मीडियाटेकसारख्या चिप-उत्पादकांनी तयार उपाययोजना उपलब्ध करून दिल्यावर चिनी उत्पादकांनी स्वस्त दुहेरी सिम संच बाजारात आणले. मायक्रोमॅक्ससारख्या भारतीय नाममुद्रांचा विस्तारही याच लाटेवर झाला.

मोठ्या कंपन्या या बाजारात उशिरा उतरल्या. नोकियाने २०१० मध्ये ‘सी१-००’ सादर केला. त्यात दोन सिम बसत, पण एका वेळी एकच चालत असे. २०११ मधील ‘सी२-००’ मध्ये दोन्ही सिम एकाच वेळी प्रतीक्षेत राहू लागली. अँड्रॉइड प्रणालीत अनेक सिमचा अधिकृत आधार २०१५ मध्ये आलेल्या ५.१ या आवृत्तीपासून मिळाला. अ‍ॅपलने २०१८ मध्ये आयफोन एक्सएस व एक्सआर या मालिकांत एक नॅनो सिम आणि एक ई-सिम अशी रचना स्वीकारली.

भारतात रिलायन्स जिओची ४जी सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली. या सेवेत ध्वनिसंभाषणही ४जी वरूनच होत असल्याने जुने सिम २जी किंवा ३जी वर आणि नवे सिम ४जी वर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्या वेळच्या अनेक संचांत ४जी ची सोय एका वेळी एकाच सिमला मिळत असे. दोन्ही सिम एकाच वेळी ४जी संभाषणासाठी प्रतीक्षेत ठेवणारे संच त्यानंतरच्या काळात सर्वसामान्य झाले.

प्रकार

सिमच्या कार्यपद्धतीनुसार बहुसिम संचांचे तीन प्रकार पडतात.

* निष्क्रिय दुहेरी सिम – संचात दोन सिम असतात, पण एका वेळी एकच नेटवर्कशी जोडलेले असते. दुसरे वापरण्यासाठी वापरकर्त्याला ते निवडावे लागते. निवड न केलेल्या क्रमांकावर येणारे फोन लागत नाहीत.
* दुहेरी प्रतीक्षा – दोन्ही सिम नेटवर्कवर नोंदलेली असतात आणि दोन्हींवर फोन येऊ शकतो. मात्र एकावर संभाषण सुरू झाले की दुसरे तात्पुरते संपर्काबाहेर जाते. ‘डीएसडीएस’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा प्रकार सर्वाधिक प्रचलित आहे.
* दुहेरी सक्रिय – संचात प्रेषण व ग्रहणाची दोन संपूर्ण यंत्रणा असतात आणि एका सिमवर बोलणे सुरू असतानाही दुसऱ्यावर फोन येतो. या ‘डीएसडीए’ प्रकारात किंमत, उष्णता आणि बॅटरीचा खर्च वाढतो. तसेच एका प्रेषकाच्या लहरींचा दुसऱ्या ग्राहीला अडथळा होऊ नये याची काळजी घ्यावी लागते.

नेटवर्क साधनांचा समन्वय

पेजिंग

वापरात नसलेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी बहुतांश काळ आपली रेडिओ यंत्रणा बंद ठेवतो आणि ठरावीक क्षणी जागा होऊन आपल्यासाठी काही निरोप आहे का, हे तपासतो. नेटवर्ककडून दिल्या जाणाऱ्या या हाकेला पेजिंग म्हणतात. ४जी मध्ये हे चक्र ०.३२, ०.६४, १.२८ किंवा २.५६ सेकंदांचे असते. चक्रातील नेमका क्षण आयएमएसआयला १०२४ ने भागून उरणाऱ्या बाकीवरून ठरतो. ५जी मध्ये त्यासाठी नेटवर्कने दिलेली तात्पुरती ओळख वापरली जाते.

दुहेरी प्रतीक्षा संचाला दोन नेटवर्कांच्या हाका एकाच ग्राहीने ऐकाव्या लागतात. दोन्हींचे क्षण वेगळे असतील तर अडचण येत नाही. ते एकमेकांवर आले, तर एक हाक हुकते. आयएमएसआय कायमस्वरूपी असल्याने ४जी मध्ये अशी टक्कर एकदाच होऊन थांबत नाही, तर दर चक्रात पुन्हा पुन्हा होत राहू शकते. संच चालू आणि रेंज पूर्ण असूनही एखाद्या क्रमांकावर फोन लागत नाही, यामागे हेही एक कारण असू शकते.

रेडिओचे वाटप

एका सिमवर इंटरनेट सुरू असताना संचाला मधूनमधून दुसऱ्या सिमच्या वारंवारतेवर जाऊन हाक ऐकावी लागते. हा काळ थोडा असतो. पण पहिल्या नेटवर्कला संच अचानक गप्प झाल्याचे दिसते. ते पाठवलेल्या माहितीची पोच न मिळाल्याने ती पुन्हा पाठवते, रेडिओमार्ग खराब झाला असे समजून वेग कमी करते आणि काही वेळा जोडणी तोडते. अशा रीतीने सामायिक वारंवारतेचा काही भाग कोणाच्याही उपयोगी न पडता खर्च होतो आणि त्याची झळ त्याच मनोऱ्यावरील इतर ग्राहकांनाही बसते.

उलट दिशेनेही हेच घडते. पहिल्या सिमवर संभाषण सुरू असताना दुसऱ्या सिमचे नेटवर्क त्याला हाक देते आणि उत्तर न आल्यास ती अधिक विस्तृत क्षेत्रात पुन्हा देते. उत्तर मिळण्याची शक्यता नसतानाही अनेक मनोऱ्यांवरील पेजिंगची क्षमता त्यात वापरली जाते.

संचाच्या आत हे वाटप मोडेममधील नियंत्रक करतो. सामान्यतः आपत्कालीन संभाषणाला सर्वांत वरचे स्थान, त्यानंतर ध्वनिसंभाषण, हाक ऐकणे, स्थाननोंद आणि शेवटी इंटरनेट असा प्राधान्यक्रम असतो. एका सिमवर बोलणे सुरू असताना दुसऱ्या सिमचा फोन पहिल्या सिमच्या इंटरनेटवरून स्वीकारण्याची सोय काही संचांत व सेवादात्यांकडे उपलब्ध आहे. ती नसल्यास ‘संपर्कक्षेत्राबाहेर’ असताना येणारे फोन दुसऱ्या क्रमांकाकडे वळवण्याचा जुना उपाय वापरता येतो.

थ्रीजीपीपी मानके

दीर्घकाळ दुहेरी सिमचा समन्वय प्रत्येक चिप-उत्पादक आपापल्या पद्धतीने करीत असे. मोबाइल उद्योगाच्या जीएसएमए या संघटनेने अशा संचांसाठी किमान अपेक्षा मांडणारा ‘टीएस.३७’ हा दस्तऐवज तयार केला. नेटवर्क आणि संच यांच्यातील संवादाचे मानकीकरण मात्र थ्रीजीपीपी या मानकसंस्थेच्या १७ व्या आवृत्तीत झाले. २०२२ मध्ये निश्चित झालेल्या या आवृत्तीत ‘म्युसिम’ या नावाखाली पुढील सोयी आहेत.

* टक्कर टाळणे – ४जी मध्ये संच आयएमएसआयमध्ये ठरावीक अंतर मिळवून हाकेचा क्षण बदलून घेऊ शकतो. ५जी मध्ये नव्या तात्पुरत्या ओळखीची मागणी करू शकतो.
* हाकेचे कारण – हाक ध्वनिसंभाषणासाठी आहे की नाही, हे नेटवर्क कळवते. त्यामुळे महत्त्वाचे संभाषण तोडून किरकोळ सूचनेसाठी जावे लागत नाही.
* व्यग्र असल्याचा निरोप – संच हाकेला ‘सध्या येता येत नाही’ असे उत्तर देतो आणि पुढील व्यर्थ हाका थांबतात.
* निरोप घेऊन जाणे – दुसऱ्या सिमकडे जाण्यापूर्वी संच पहिल्या नेटवर्कला जोडणी सोडण्याची विनंती करतो.
* हाकांवर मर्यादा – काही काळ हाका देऊ नयेत किंवा केवळ ध्वनिसंभाषणासाठीच द्याव्यात, असे संच सांगू शकतो.
* नियोजित खंड – जोडणी कायम ठेवून ठरावीक क्षणी थोडा वेळ दूर जाण्याची परवानगी संच मागतो. नेटवर्क त्या वेळेत त्याच्याकडे माहिती पाठवत नाही.

या सोयींसाठी संच आणि नेटवर्क या दोन्हींचा पाठिंबा आवश्यक असतो. दोन्ही सेवादात्यांनी परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करण्याची मात्र गरज नसते. प्रत्येक नेटवर्क केवळ संचाशी बोलते. १८ व्या आवृत्तीत दोन प्रेषक-ग्राही असलेल्या संचांचा विचार करण्यात आला. असा संच दुसरे सिम सक्रिय होताच आपली क्षमता तात्पुरती घटल्याचे पहिल्या नेटवर्कला कळवू शकतो.

भारतातील वापर

भारतात दूरसंचार सेवेसाठी २२ परवाना क्षेत्रे असून व्यवहारात त्यांना मंडळे म्हणतात. मुंबई हे स्वतंत्र मंडळ आहे, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक मंडळ होते. पूर्वी आपल्या मंडळाबाहेर गेल्यावर येणाऱ्या फोनलाही रोमिंगचे पैसे पडत. त्यामुळे दोन मंडळांत ये-जा करणारे ग्राहक दोन्हीकडची सिम बाळगत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ‘ट्राय’ने २०१५ मध्ये रोमिंगच्या कमाल दरांत कपात केली आणि २०१७ च्या सुमारास प्रमुख कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचे वेगळे शुल्क बंद केले. क्रमांक कायम ठेवून सेवादाता बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली होती. ३ जुलै २०१५ पासून ती मंडळाबाहेरही लागू झाली.

या बदलांनंतर दुसऱ्या सिमची गरज संपली नाही, तिचे स्वरूप बदलले. बँक खाते, आधार आणि यूपीआय यांना जोडलेला क्रमांक बंद पडू न देणे हे आता दुसरे सिम राखण्याचे मोठे कारण आहे. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर केवळ चालू ठेवण्यासाठीच्या क्रमांकावरील खर्च वाढला. इंटरनेट न वापरणाऱ्या ग्राहकांसाठी केवळ संभाषण व लघुसंदेशांच्या वेगळ्या योजना देण्याचे बंधन ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांवर घातले.

दुहेरी सिममुळे देशातील जोडण्यांची संख्या आणि प्रत्यक्ष वापरकर्त्यांची संख्या यांत मोठी तफावत पडते. म्हणूनच ट्रायच्या मासिक अहवालात एकूण जोडण्यांबरोबर नेटवर्कवर प्रत्यक्ष सक्रिय आढळलेल्या जोडण्यांचा आकडाही दिला जातो.

सिंधुदुर्ग किनारपट्टी

भूरचना आणि रेंज

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्‍नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. देवगड, मालवण आणि वेंगुर्ला हे त्याचे किनारी तालुके आहेत. जांभ्या खडकाचे उंच सडे, त्यांच्यामधील खोलगट वाड्या, खाड्या आणि माडा-पोफळीच्या दाट बागा अशी येथील रचना आहे. भ्रमणध्वनीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने सड्यावरील मनोऱ्याच्या अगदी जवळ असलेली, पण उताराच्या आड वसलेली वाडी छायेत राहू शकते. दोन सेवादात्यांचे मनोरे वेगवेगळ्या टेकड्यांवर असतील, तर त्यांच्या छायाही वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. एका सिमची रेंज अंगणात आणि दुसऱ्याची मागच्या परड्यात मिळते, ती याच कारणाने. कमी वारंवारतेच्या लहरी अडथळ्यांना वळसा घालून अधिक दूर जातात. म्हणून ७००, ८५० व ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांना अशा भागात विशेष महत्त्व आहे.

मुंबई आणि गोवा

सिंधुदुर्गातून मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या चाकरमान्यांची परंपरा जुनी आहे. मुंबईचे मंडळ वेगळे असल्याने शिमगा, गणेशोत्सव किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलेल्या चाकरमान्याचा क्रमांक रोमिंगवर जात असे. याउलट सावंतवाडी, दोडामार्ग किंवा वेंगुर्ल्याहून गोव्यात कामाला जाणाऱ्याचे राज्य बदलले, तरी दूरसंचार मंडळ बदलत नसे. रोमिंगचे शुल्क गेल्यावर हा फरक खर्चाच्या दृष्टीने उरला नाही. गणेशोत्सवात गावांतील लोकसंख्या काही दिवसांपुरती वाढते आणि नेहमीच्या वापरासाठी आखलेल्या मनोऱ्यांवर ताण येतो, हा प्रश्न मात्र कायम आहे.

समुद्रावरील वापर

समुद्रावर डोंगरांचा अडथळा नसल्याने लहरी लांबवर जातात. तेथे मर्यादा पृथ्वीच्या वक्रतेची असते. ४० मीटर उंचीवरील अँटेनाचे रेडिओ क्षितिज सुमारे २६ किलोमीटरवर, तर १०० मीटर उंचीवरील अँटेनाचे सुमारे ४१ किलोमीटरवर असते. याखेरीज २जी मध्ये वेळेच्या गणितामुळे साधारण ३५ किलोमीटरपलीकडील संचाला मनोरा सेवा देऊ शकत नाही. रापणीचे आणि किनाऱ्याजवळ जाळी टाकणारे मच्छीमार या कक्षेत असतात. खोल समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक नौका तिच्या बाहेर जातात. तेथे दोन सिम असूनही उपयोग होत नाही. व्हीएचएफ संच किंवा उपग्रहाधारित उपकरण हाच तेथील संपर्काचा मार्ग असतो.

चक्रीवादळे

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. झाडे आणि विजेचे खांब कोसळून वीजपुरवठा खंडित झाला आणि त्यामागोमाग भ्रमणध्वनी सेवाही विस्कळीत झाली. वीज गेल्यावर मनोरा बॅटरी व जनित्रावर चालतो. रस्ते बंद होऊन डिझेल पोहोचले नाही, तर तो बंद पडतो.

अशा प्रसंगी दुसऱ्या सिमचा आधार किती मिळेल, हे दोन्ही सेवा प्रत्यक्षात किती स्वतंत्र आहेत यावर अवलंबून असते. भारतात २००८ पासून मनोरे व वीजव्यवस्था यांसारख्या, तर २०१६ पासून अँटेनासारख्या सक्रिय साधनांच्याही भागीदारीला परवानगी आहे. त्यामुळे दोन कंपन्यांची उपकरणे अनेकदा एकाच मनोऱ्यावर, एकाच वीजजोडणीवर असतात. तो मनोरा बंद पडला की दोन्ही सिम एकदमच निकामी होतात.

यावरील उपाय सिमपेक्षा नेटवर्कच्या पातळीवर आहे. आपत्तीच्या काळात मंडळांतर्गत रोमिंग सुरू करण्याचे आदेश दूरसंचार विभाग देतो. ते सुरू असताना ग्राहकाचा फोन स्वतःच्या कंपनीचे नेटवर्क नसल्यास दुसऱ्या कंपनीच्या चालू मनोऱ्याशी जोडला जातो. जानेवारी २०२५ मध्ये डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या ४जी मनोऱ्यांवर अशी सामायिक सेवा कायमस्वरूपी देण्याचा उपक्रम सुरू झाला. धोक्याच्या सूचनांसाठी असलेली सेल ब्रॉडकास्ट पद्धत क्रमांकनिहाय संदेश न पाठवता मनोऱ्याच्या कक्षेतील सर्व संचांना एकाच वेळी सूचना देते. दुहेरी सिम संचाला ती दोन्हींपैकी कोणत्याही चालू नेटवर्कवरून मिळू शकते.

नियमन

भारतात एका व्यक्तीच्या नावे जास्तीत जास्त ९ जोडण्या घेता येतात. जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येकडील राज्यांत ही मर्यादा ६ आहे. दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार मर्यादेच्या पहिल्या उल्लंघनास ५० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनास २ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या नावे किती क्रमांक चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासता येते. फोन हरवल्यास तेथेच आयएमईआयच्या आधारे तो बंद करता येतो. बहुसिम संचासाठी दोन्ही आयएमईआय नोंदवणे इष्ट ठरते. वैध आयएमईआय नसलेल्या संचांची सेवा १ डिसेंबर २००९ पासून बंद करण्यात आली होती. स्वस्त आयात संचांवर त्याचा मोठा परिणाम झाला.

वापरात नसलेला प्रीपेड क्रमांक ९० दिवसांपूर्वी बंद करता येत नाही, असा ट्रायचा नियम आहे. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असल्यास ती रक्कम वळती करून मुदत वाढवली जाते. बंद झालेला क्रमांक कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्यामुळे बँकेशी जोडलेला, पण क्वचितच वापरला जाणारा क्रमांक दुर्लक्षित राहिल्यास सुरक्षेचा प्रश्न उद्भवतो.

मर्यादा

दोन्ही सिम प्रतीक्षेत ठेवल्याने बॅटरीचा खर्च काहीसा वाढतो. रेंज चांगली असल्यास ही वाढ फार नसते. मात्र रेंज नसलेले सिम सतत नेटवर्क शोधत राहते आणि बॅटरी लवकर उतरते. अशा ठिकाणी, विशेषतः वीज नसताना, ते सिम सेटिंगमधून तात्पुरते बंद ठेवणे उपयुक्त असते. काही संचांत दुसऱ्या सिमची जागा आणि मेमरी कार्डाची जागा एकच असल्याने दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते. एकाच कंपनीची दोन सिम घेतल्यास क्रमांक दोन मिळतात, पण रेंजचा वेगळा आधार मिळत नाही.

हेही पाहा

* सिम कार्ड
* ई-सिम
* आयएमईआय
* भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण
* सिंधुदुर्ग जिल्हा
* तौक्ते चक्रीवादळ